शिवून टाकलेलं प्रकरण

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. जुनी पुस्तकं शांत असतात, सोसायला शिकलेली असतात, असा तुमचा समज असेल तर तो थोडा वेळ बाजूला ठेवा. मी चिडलेलो आहे. माझा केसाने गळा कापला गेला आहे. कापणारे हात परक्याचे असते, तर मी हे सगळं सांगायला बसलोही नसतो.

मी एकट्याने वाचायचं पुस्तक नाही. माझ्या पहिल्याच पानावर सूचना छापलेली आहे: 'ठळक ओळी मुलीने वाचाव्यात, बारीक ओळी आईने.' आईने बारीक अक्षरांतली गोष्ट वाचत जायची आणि मुलीची ठळक ओळ आली की थांबायचं. मुलीने ती मोठ्याने वाचायची, की पुन्हा आई. एकीने आपली ओळ सोडली तर दुसरीची ओळ अधांतरी लोंबकळत राहते. मला लिहिणाऱ्या बाईंनी असं का केलं कोण जाणे, पण माझा जन्म दोन आवाजांसाठी झाला एवढं खरं.

जन्म काही फार थाटामाटात झाला नाही. आधी मी नुसते मोठमोठे कागद होतो. मग माझ्यावर शाई चढली, घड्या पडल्या, आणि शेवटी मी बांधणी करणाऱ्या माणसाच्या हातात आलो. त्याची जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. माझ्या पाठीत त्याने कसेबसे चार टाके घातले, पुठ्ठा चिकटवला आणि म्हणाला, "चला, झालं. पोरांचं पुस्तक, टिकून टिकून किती टिकायचंय!" मित्रांनो, जन्मल्या जन्मल्या कानावर पडलेले हे शब्द.

माझं पहिलं घर मोठं होतं. मी तिथल्या मुलीच्या वाढदिवसाची भेट म्हणून गेलो. देणाऱ्या आत्याने मायलेकींना "दोघी मिळून वाचा हं" असं दहादा बजावलं. दोघींनी मिळून मला काचेच्या कपाटात ठेवलं. त्या कपाटाला कुलूप होतं, कुलपाची किल्ली हरवली, आणि ती शोधण्याइतकी माझी कुणाला गरज पडली नाही. काचेतून मी त्या मुलीला मोठी होताना पाहिलं. आधी तिची वेणी दिसायची, मग खांदे दिसायला लागले, मग ती घरात दिसेनाशीच झाली. घर बदलताना कुणीतरी कपाटाचं कुलूप फोडलं आणि मी रद्दीत गेलो. माझी एकही ओळ कुणी वाचली नव्हती.

रद्दीवाल्याकडे माझ्यावर जाडजूड टेलिफोन डिरेक्टऱ्या पडल्या आणि पाठीतले ते घाईचे टाके सुटले. मधली पानं बाहेर डोकावू लागली. तशात एक दिवस एक बाई वर्तमानपत्रांची रद्दी घ्यायला आली. ती घरी शिवणकाम करायची, आणि कापड कापायच्या आधी कपड्याचा बेत कागदावर कापून बघायची. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी होती. अंगाने काटकुळी, नाक टोकदार, बोलणं त्याहून टोकदार. आई तिला 'टाचणी' म्हणायची.

टाचणीने मला ढिगातून ओढून काढलं. "आई, हे बघ! यात माझ्यासाठी मोठी अक्षरं आहेत आणि तुझ्यासाठी बारीक."

"बारीकच बरी माझ्या वाट्याला! आधीच सुईत दोरा ओवून डोळे फुटायला आलेत."

"घेऊन जा ताई, रद्दीवर फुकट," रद्दीवाला म्हणाला. "पाठ गेलीय त्याची."

"पाठ गेली तर शिवू. मी दिवसभर दुसरं करते काय?"

तिने खरंच शिवलं. तिसऱ्या मजल्यावर त्यांची एकच लांबट खोली होती. खिडकीशी शिवणयंत्र, मधे कापड कापायचं रुंद टेबल, भिंतीजवळच्या तारेवर गिऱ्हाइकांचे कपडे, आणि जिथे बघाल तिथे दोऱ्यांचे तुकडे. चहाच्या कपातसुद्धा एखादा सापडायचा. त्या टेबलावर आईने मला पालथं घातलं, दुहेरी दोऱ्याला मेण लावलं, बोटात अंगुस्तान घातलं आणि माझ्या पाठीत एकेक टाका असा ओढून घातला की माझी सगळी पानं ताठ झाली. "आता दहा वर्षं हलायचं नाही हे," ती म्हणाली. माझ्याकडे इतकं लक्ष देणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मी त्या हातांवर जीव टाकला. तेव्हा मला अक्कल नव्हती असं आता वाटतं, पण टाकला हे खरं.

टाचणीलाही त्या घरात काम होतं. कपडा मशीनवर घालण्याआधी तो सरकू नये म्हणून आई हाताने लांब लांब कच्चे टाके घालायची. वर पक्की शिलाई बसली की ते काढून टाकायचे. हे काढायचं काम टाचणीचं. ती दोऱ्याचं टोक पकडून सर्रकन ओढायची आणि सगळा टाका एका दमात निघाला की "बघ!" म्हणून दोरा नाचवायची. लिहिणं-वाचणं नीट येण्याआधी तिला कच्चं काय नि पक्कं काय ते कळायला लागलं होतं.

संध्याकाळी मशीनवर झाकण पडलं की दोघी पाय वर घेऊन त्या टेबलावर बसायच्या आणि मला उघडायच्या. टाचणीला बारीक अक्षरं अजून जमत नव्हती, म्हणून आईच्या ओळी चालू असताना ती डोळे मिटून आईच्या दंडाला टेकायची. ठळक ओळ आली की आई कोपराने हळूच ढोसायची. मग टाचणी ताडकन उठून ओळ अशी खणखणीत म्हणायची की खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकायचं. मित्रांनो, त्या संध्याकाळी मला कळलं की मी कशासाठी आहे.

माझ्या पोटात एका बंदरावरच्या आई-मुलीची गोष्ट आहे. आई खाणावळीत स्वयंपाक करते, मुलगी भांडी विसळते, शेजारी एक म्हातारी जाळी विणते. पहिली चार प्रकरणं म्हणजे नुसती मजा आहे. पाचव्या प्रकरणात त्या आईला लांबच्या जहाजावर काम मिळतं आणि ती मुलीला म्हातारीकडे ठेवून जाते. माझ्या पोटातलं सगळ्यात मोलाचं जे आहे ते या प्रकरणात आहे. हे मी फुशारकीने सांगत नाही. बाकीची प्रकरणं चांगली आहेत, हे प्रकरण मात्र खरं आहे.

त्याच सुमारास खोलीतलं काम आटायला लागलं होतं. लोक तयार कपडे घेऊ लागले होते, तारेवर मोकळी जागा दिसू लागली होती. एक दिवस टाचणीची मावशी आली. टाचणी खाली फरशीवर बटणं लावत बसली होती. मावशी बोलायला लागताच आईने मशीन सुरू केलं. मी शेजारीच होतो, म्हणून मला दिसलं. मशीनमध्ये कापडच नव्हतं. सुई नुसतीच वरखाली होत होती, आणि त्या खडखडाटाआड दोघी बहिणी बोलत होत्या. दूरच्या शहरातला कपड्यांचा कारखाना, बायकांना राहायला जागा, मुलं आणायला परवानगी नाही. "तिला सांग बाई आधी," मावशी म्हणाली. आई म्हणाली, "सांगते गं. सांगणारच आहे."

दुसऱ्या दिवशी टाचणी शाळेत गेल्यावर आईने मला उघडलं. संध्याकाळच्या आधी पुढचं प्रकरण एकदा नजरेखालून घालायची तिची सवय होती. पाचवं प्रकरण ती उभ्याउभ्याच वाचू लागली आणि मग स्टुलावर बसली. वाचून झालं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. खिडकीतून कितीतरी वेळ बाहेर बघत राहिली. नंतर तिने सुई घेतली, पांढरा दोरा ओवला, आणि पाचव्या प्रकरणाची सगळी पानं एकत्र धरून त्यांच्या कडेने टाके घातले. वरपासून खालपर्यंत, लांब लांब. ज्या सुईने माझी पाठ सांधली तीच सुई. मी ओरडलो असतो, पण आमच्या जातीला तोंड असतं ते दुसऱ्याचं. आम्हाला मूग गिळून बसावं लागतं.

संध्याकाळी टाचणीने विचारलं, "ही पानं का शिवलीस?"

"फाटायला आली होती. तुझ्या हातात आली असती."

"मग आता वाचायची कशी?"

"त्यात काही नाहीये गं. नुसतं समुद्राचं वर्णन आहे. लाटाच लाटा."

"मग बरं केलंस," टाचणी म्हणाली. तिला वर्णनांचा मनापासून कंटाळा होता.

लाटाच लाटा! मित्रांनो, माझ्या पाचव्या प्रकरणात लाट हा शब्दसुद्धा नाही. आणि तिथून पुढे जे सुरू झालं ते ऐका. सहाव्या प्रकरणात गोष्टीतली आई घरात नाहीच. टाचणीची ठळक ओळ आली, 'आई नाही, म्हणून चूल मीच पेटवते.' टाचणीने वाचलं आणि चमकून विचारलं, "कुठे गेली?" माझ्या बारीक ओळीत उत्तर नव्हतं, कारण ते शिवलेल्या पानांत होतं. आईने माझ्यावर नजर ठेवली आणि माझ्यात नसलेलं वाक्य वाचलं, "आई बाजारात गेली होती."

सातव्या प्रकरणात आई बाजारातच होती. आठव्यातही. टाचणीच्या ओळी मी बदलू शकत नव्हतो आणि आईही बदलू शकत नव्हती, त्या ठळक होत्या. 'आज पण ती आली नाही.' 'तिची उशी मी उन्हात ठेवली.' प्रत्येक ओळीनंतर आई घाईघाईने काहीतरी ठिगळ लावायची. बाजार लांब होता, बाजारात गर्दी होती, बाजारात पाऊस आला. शेवटी टाचणी म्हणाली, "एवढा काय बाजार करतेय ती? सगळं गावच पिशवीत घालून आणणार आहे की काय?"

आई इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. टाचणीला वाटलं, आपला विनोद जमला. तिने तो पुन्हा करून दाखवला. मला मात्र लाजेने मिटून जावंसं वाटलं. त्या मुलीचा माझ्या अक्षरांवर विश्वास होता आणि माझ्याच आडून तिच्या डोळ्यांत धूळ फेकली जात होती.

शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. त्या सकाळी आईने एक बॅग भरली आणि टाचणीची दुसरी. "मोठं काम आलंय पडद्यांचं. तिथेच जाऊन शिवायचंय. चार दिवस मावशीकडे राहा. चार दिवसांत आलेच बघ."

"आणि गोष्टीचा शेवट?"

"तो आल्यावर, दोघींनी मिळून. एकटीने पुढे वाचायचं नाही. घे शप्पथ."

"शप्पथ," टाचणी म्हणाली आणि मला आपल्या बॅगेत वरच ठेवलं, म्हणजे चार दिवसांनी शोधायला नको.

मावशीचं इस्त्रीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे झोपायची खोली, दोन्हीकडे वाफ. मावशी तोंडाने फटकळ आणि हाताने मायाळू. टाचणीला ती स्वतःच्या ताटातलं वाढायची आणि वर "खा, नाहीतर वाऱ्याने उडशील" म्हणून ओरडायची. चार दिवस झाले. मग आणखी चार झाले. दुकानात स्वेटर यायचे बंद झाले आणि पातळ सुती कपडे यायला लागले. आई रविवारी फोन करायची. "येतेच गं, थोडंच काम राहिलंय."

"केवढे मोठे पडदे आहेत?"

"खूप मोठे गं, टाचणे."

टाचणी दर रविवारी फोन ठेवून यायची आणि मला बॅगेतून काढून, न उघडता, मांडीवर घेऊन बसायची. शप्पथ होती ना. शाळेत ती बारीक अक्षरं केव्हाच वाचायला शिकली होती. दुकानात आलेल्या कपड्यांवरच्या चिठ्ठ्या ती मावशीला वाचून दाखवायची. पण माझं शेवटचं प्रकरण तिने एकदाही उघडून पाहिलं नाही. इतकी इमानदार वाचक मला पुन्हा मिळायची नाही.

मग एका दुपारी एका गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोट इस्त्रीला आला. मावशीने तो उलगडला आणि कपाळाला हात लावला. "काय शिंपी म्हणायचा हा! कच्चे टाके काढायलासुद्धा विसरला मेला. काढ गं तेवढे."

टाचणीने टोक पकडलं, सर्रकन दोरा ओढला. "बघ" मात्र म्हणाली नाही. हातातल्या त्या लांब पांढऱ्या दोऱ्याकडे बघत उभी राहिली. मग आतल्या खोलीत आली, मला बॅगेतून काढलं आणि माझी कड उजेडाकडे धरली.

"मावशी, फाटलेलं शिवायचं असलं तर कच्चा टाका घालतात का?"

"वेड लागलंय का? फाटलेल्याला पक्का टाका नको? पुढे उसवायचं असतं म्हणून कच्चा घालतात."

टाचणीने माझ्या टाक्याचं टोक शोधलं. एका दमात सगळा दोरा निघाला. माझी पानं सुटली, आणि ती इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकून वाचू लागली. बारीक ओळी तिच्याच आवाजात, ठळक ओळीही तिच्याच आवाजात. आईच्या ओळी मुलीने वाचायच्या नसतात. पण त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं.

काय होतं त्या प्रकरणात? फार काही नाही. आई मुलीला पायरीवर बसवते आणि सांगते, मी उद्या जहाजावर कामाला जाणार आहे. ठळक ओळीत मुलगी विचारते, 'कधी येशील?' आई म्हणते, 'माहीत नाही. पण मी जाणार आहे हे तुला माझ्याच तोंडून कळायला हवं.' मुलगी इतकी संतापते की आईची एक चप्पल उचलून पाण्यात फेकून देते. दुसऱ्या दिवशी आई एकाच पायात चप्पल घालून जहाजावर चढते, आणि मुलगी धक्क्यावर उभी राहून रडते आणि हसते. एवढंच. इतक्या साध्या प्रकरणाला शिवून टाकलं होतं.

टाचणी बाहेर दुकानात आली. "आई पडदे शिवायला गेलेली नाही."

मावशीने पुढचा शर्ट टेबलावर पसरला.

"तुला माहीत होतं?"

"अगं, ती सांगणारच होती तुला. म्हणाली होती, जायच्या आधी टाके काढते, तुला ते वाचून दाखवते आणि मग सांगते. रोज म्हणायची, आज काढते. धीर झाला नाही बघ तिला. तू रडशील म्हणून..."

"गोष्टीतल्या मुलीला निदान चप्पल तरी फेकता आली," टाचणी म्हणाली.

मावशीच्या हातातली इस्त्री शर्टाच्या कॉलरवर तशीच राहिली. वास आला तेव्हा तिने उचलली. कॉलर गेली होती.

त्या रविवारी फोन वाजला. एरवी टाचणी धावत जायची, त्या दिवशी मावशीने हाक मारल्यावर सावकाश गेली. रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाली, "झाला का तुझा बाजार?"

मग तिने फोन मावशीच्या हातात दिला आणि शाळेचा अभ्यास काढून बसली. पुढच्या रविवारी ती फोनवर आलीच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मावशी सांगायची, "बाहेर गेलीय खेळायला," आणि टाचणी तिथेच समोर बसून मावशीकडे रोखून बघायची.

आणि मी? मला वाटलं होतं, आता तरी तिला कळेल की मी खोटं बोललो नव्हतो. तिने माझं शेवटचं प्रकरण वाचलं, शप्पथ गेली उडत. गोष्टीतली आई परत येते तिथपर्यंत वाचलं. मग मला मिटलं, म्हणाली, "तू पण तसलंच, 'येतेच' म्हणणारं," आणि इस्त्रीच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली मला सारून दिलं. टेबल अगदी घट्ट बसलं. मावशी म्हणाली, "वा, बरं सुचलं!" माझ्याबद्दल कित्येक दिवसांत कुणी काढलेले ते एकमेव कौतुकाचे शब्द.

माझं काय चुकलं होतं, मित्रांनो? माझी एकही ओळ खोटी नव्हती. ज्या हातांनी माझी पाठ शिवली त्यांनी माझं तोंड शिवलं, आणि जिच्यासाठी मी सगळं अंगावर घेतलं तिने मला पायाखाली घातलं. वरून पाणी ठिबकायचं, इस्त्री आपटली की हिसका बसायचा. माझं मुखपृष्ठ पोटफुगी झाल्यासारखं फुगलं. दोघींनीही मला टाकलं होतं. मी दोघींवरही रागावलो होतो, आणि रोज दाराकडे कान लावून होतो.

आई आली ती दोन उन्हाळे उलटल्यावर. दुकानाच्या दारात उभी राहिली, हातात एक पिशवी. कारखान्याबाहेर तिला आता स्वतःची खोली मिळाली होती, जवळ शाळा होती, टाचणीला न्यायला ती आली होती. हे सगळं तिने दारातच, एका दमात सांगितलं, जणू आता सांगायचं राहिलं तर पुन्हा धीर होणार नाही. टाचणी समोर उभी होती, तिच्या खांद्याला लागायला आलेली.

आईने पिशवीतून स्वतः शिवलेला फ्रॉक काढला आणि टाचणीच्या अंगाला लावून बघितला. तो गुडघ्याच्या कितीतरी वर राहिला. आयुष्यभर नुसत्या नजरेने लोकांची मापं घेणारी ती बाई, तिचं माप चुकलं.

"राहू दे गं, टाचणीला नाहीतरी फ्रॉक आवडत नाहीत आता," मावशी म्हणाली. मावशीने आयुष्यात इतक्या हळू आवाजात काही म्हटलं नव्हतं.

"मी कोंबडीचं पिल्लू आहे का, पिशवीत घालून न्यायला?" टाचणी म्हणाली. "मला विचारलंस?"

"विचारतेय. येशील?"

आई स्टुलावर बसली, खाली बघत. खाली बघता बघता तिची नजर टेबलाच्या पायाकडे गेली आणि माझ्यावर थांबली. तिने वाकून मला ओढलं. टेबल कलंडलं, घड्या केलेले शर्ट घसरले, मावशी "अगं अगं अगं!" करत धावली. आईने पदराने मला पुसलं. माझी कड बघितली. टाके नव्हते. तिने कितीतरी वेळ तिथून बोट फिरवलं.

"शेवट राहिलाय ना आपला?" तिने विचारलं.

"मी केव्हाच वाचला. येते ती परत."

"मग पहिल्यापासून वाचूया का गं?"

मावशीने शर्ट उचलता उचलता हात थांबवला. टाचणी बराच वेळ दाराची चौकट नखाने खरवडत राहिली. मग एक खोकं ओढून आईच्या समोर बसली. शेजारी नाही, समोर. "वाच," म्हणाली.

आईने माझं पहिलं पान उघडलं. तिचा आवाज खरखरत होता. पहिल्या दोन ओळी झाल्या असतील नसतील, टाचणी उठली आणि आईच्या बाजूला आली. मला वाटलं, आता ही दंडाला टेकणार, डोळे मिटणार. माझी सगळी पानं त्या एका क्षणासाठी खोळंबली होती. पण तिने डोळे मिटले नाहीत. तिने बोट पुढे केलं आणि आईच्या बारीक ओळीखाली ठेवलं. आई वाचेल तसं बोट शब्दाशब्दाखालून सरकू लागलं. आईने कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं त्या बोटाच्या पहाऱ्यात.

"थांब. 'आणि' राहिलं."

"चुकून गं. डोळे दमलेत."

"परत वाच."

आईने ती ओळ परत वाचली, 'आणि'सकट.

मित्रांनो, पुस्तकाचे कान पिळू नका, थुंकी लावून पानं उलटू नका, असं तुम्हाला दुसरी पुस्तकं सांगतीलच. माझं तेवढं काही म्हणणं नाही. पानं फाटली तर शिवता येतात, मी स्वतः शिवला गेलो आहे. तुम्ही उद्या आया व्हाल, बाबा व्हाल, कुणाला तरी मांडीवर घेऊन माझ्यासारखं काही वाचून दाखवाल. तेव्हा रडू येईल अशी पानं आली तर ती लपवू नका. रडू द्या मुलांना. चपला फेकल्या तर फेकू द्या. तुम्हाला वाटतं त्याहून त्यांना जास्त सोसतं. न सांगितलेलं मात्र सोसत नाही.

इतक्या बारकाईने मला आजवर कुणी वाचलेलं नाही, आणि वाचलं जाताना इतकं वाईटही मला कधी वाटलेलं नाही. टाचणी जाणार की राहणार, हे अजून कुणालाच माहीत नाही. मावशी कलंडलेल्या टेबलाला हाताने आधार देऊन उभी आहे. आईची ओळ संपली, मुलीची ठळक ओळ आली आणि आई थांबली. टाचणीने ती वाचली, हळूच, स्वतःशी वाचावी तशी. मग तिने बोट उचललं आणि आईच्या पुढच्या ओळीखाली नेऊन ठेवलं.